कोठें थांबावें हें पेशीस कोण सांगतें?

हा लेख लिहिण्यास एक लहानसें कारण घडलें. तें प्रथम सांगितल्यावांचून विषयाकडे वळणें आम्हांस बरें वाटत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत इयत्ता आठवींतील एका विद्यार्थ्याच्या मातोश्रींस कर्करोग झाल्याचें निष्पन्न झालें, व त्यांजवर मुंबईस उपचार सुरू झाले. औषधांनीं त्यांचे केंस गळले. डोक्यास पदर घट्ट लपेटून त्या एकदां मुलाची फी भरण्यास शाळेंत आल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुटींत त्या मुलाच्या शेजारीं बसून डबा खाण्यास कोणी तयार होईना. चौकशी करितां कळलें कीं, हा रोग 'लागतो' असें दोन-तीन मुलांस घरूनच सांगण्यांत आलें होतें. आम्हीं वर्गांत जाऊन मुलांची कानउघाडणी केली, दयाळूपणानें वागण्याविषयीं चार शब्द सांगितले, आणि कर्तव्य केल्याच्या समाधानानें परत फिरलों. इतक्यांत मागच्या बाकावरून एकानें विचारलें, "सर, रोग लागत नाहीं, तर मग तो येतो कोठून?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, खरा होता. आणि त्या क्षणीं आमच्याजवळ त्याचें नीट उत्तर नव्हतें. "पुढें सांगूं," असें म्हणून आम्ही वर्गाबाहेर पडलों. तें 'पुढें' म्हणजे हा लेख होय.

उत्तराचा आरंभ रोगापासून न करितां आपण गुडघ्यापासून करूं. खो-खो अगर हुतुतू खेळतांना ज्याचा गुडघा फुटला नाहीं असा विद्यार्थी आमच्या शाळेंत विरळाच. जखम होते, रक्त येतें, थोड्या वेळानें तें गोठतें, खपली धरते, आणि आठ-पंधरा दिवसांनीं खपली पडून खालीं गुलाबी, नवी कातडी दिसूं लागते. हें आपण इतक्या वेळां पाहिलेलें असतें कीं, त्यांत आश्चर्य करण्यासारखें कांहीं आहे हें आपल्या ध्यानींही येत नाहीं. परंतु क्षणभर विचार करा. जखम होण्यापूर्वीं तेथील कातडी शांत होती. तिला घाईनें वाढण्याची आज्ञा कोणीं दिली? आणि नवी कातडी चारी कांठांकडून सरकत येऊन मध्यें मिळतांच थांबली. तिला थांबण्याची आज्ञा कोणीं दिली? गुडघ्यावर कातडीचा डोंगर कां झाला नाहीं? आमच्या मतें हा दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक महत्त्वाचा आहे, आणि मागच्या बाकावरील प्रश्नाचें उत्तर त्यांतच दडलेलें आहे.

आपलें शरीर पेशींचें बनलेलें आहे हें तुम्हीं पाठ्यपुस्तकांत वाचलेंच आहे. १६६५ सालीं रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरला, तेव्हां मधाच्या पोळ्यासारखीं लहान लहान घरें त्याच्या दृष्टीस पडलीं. त्यांस त्यानें 'खोली' या अर्थाचें नांव दिलें, व इंग्रजींत तेंच आजवर चालत आलें. वस्तुतः बुचांतील तीं घरें मेलेलीं व रिकामीं असतात. भाडेकरू निघून गेल्यावर हूकसाहेब तेथें पोंचले, असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें जवळजवळ दोनशें वर्षांनीं, १८५५ सालीं, रुडॉल्फ फिर्खो या जर्मन वैद्यानें निश्चयानें सांगितलें कीं, प्रत्येक पेशी ही आधींच्या एखाद्या पेशीपासूनच जन्म पावते. ती आपोआप कोठून उगवत नाहीं. याच गृहस्थानें असेंही प्रतिपादन केलें कीं, रोग हा शरीराबाहेरून संचारणारा कोणी पिशाच्चासारखा पदार्थ नसून आपल्याच पेशींच्या वागणुकींत झालेला बिघाड होय. जंतुजन्य रोगांच्या बाबतींत हें मत अपुरें ठरलें. पण कर्करोगाच्या बाबतींत तें तंतोतंत खरें ठरलें.

मनुष्यदेहांत सुमारें तीस ते सदतीस लक्ष कोटि पेशी आहेत असा अजमास आहे. बहुतेक पेशी इतक्या लहान कीं, एका मिलिमीटरांत पन्नास ते शंभर ओळीनें बसाव्या. त्या सगळ्या एकाच वयाच्या नसतात. रक्तांतील तांबड्या पेशींचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें. म्हणून हाडांतील मगज दर सेकंदास वीस लाखांवर नव्या तांबड्या पेशी तयार करीत असतो. हें वाक्य तुम्हीं वाचून पुरें केलें तोंवर तुमच्या अंगांत कोटीभर नव्या पेशी आल्या, व तितक्याच जुन्या नाहींशा झाल्या. आंतड्याचें अस्तर चार-पांच दिवसांत बदलतें. उलट मेंदूंतील बहुतेक पेशी जन्मभर त्याच राहतात. यकृताची तऱ्हा तर आणखीनच निराळी. तें एरवीं शांत असतें. परंतु उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग शस्त्रक्रियेनें काढून टाकला, तर उरलेल्या पेशी कामास लागतात आणि आठ-दहा दिवसांत यकृत पूर्वींच्या वजनाचें होतें. पूर्वींच्या वजनाचें झालें कीं थांबतें. पुन्हा तेंच: थांबतें!

इतक्या अफाट लोकवस्तींत व्यवस्था राहावयाची तर पेशींनीं एकमेकींशीं बोललें पाहिजे, हें उघड आहे. त्या बोलतातही. त्यांची भाषा शब्दांची नसून रसायनांची आहे, एवढाच फरक. तुमच्या गुडघ्याचेंच पाहा. रक्तांत तांबड्या व पांढऱ्या पेशींबरोबर बिंबाणु नांवाचे बारीक कण असतात. रक्तवाहिनी फुटतांच ते तेथें चिकटून भोंक बुजवितात, हें पूर्वींपासून ठाऊक होतें. पण १९७४ सालीं अमेरिकेंत सिॲटल येथें रसेल रॉस व त्यांचे सहकारी यांनीं त्यांचें दुसरें काम उघडकीस आणलें. कांचेच्या बशींत वाढविलेल्या पेशींस त्यांनीं दोन प्रकारचें पाणी दिलें: एक, गोठलेल्या रक्तावर जी निवळ येते ती, दुसरें, रक्त गोठूं न देतां त्यांतील पेशी व बिंबाणु काढून टाकल्यावर जो द्रव उरतो तो. पहिल्यांत पेशी भराभर वाढल्या. दुसऱ्यांत जवळजवळ जशाच्या तशा राहिल्या. परंतु दुसऱ्यांत बिंबाणूंचा अंश घालतांच तेथेंही वाढ सुरू झाली. अर्थ असा कीं, रक्त गोठतांना बिंबाणु आपल्या पोटांतून एक प्रथिन सोडतात, व तें आसपासच्या पेशींस सांगतें, "येथें भगदाड पडलें आहे, कामास लागा." जेथें रक्त सांडलें तेथेंच हा निरोप पोंचावा, इतरत्र पोंचूं नये, ही योजना किती सोयीची आहे! पहिल्या प्रश्नाचें उत्तर बहुतांशीं येथें मिळालें.

हा झाला शेजाऱ्यास हांक मारण्याचा प्रकार. दूरच्या पेशींस निरोप धाडण्याचे दोन मार्ग आहेत. एक मज्जातंतूंचा, तो तारेसारखा आहे. (तारेची सरकारी सेवा आपल्या देशांत २०१३ सालीं बंद झाली, शरीरांतील तारखातें मात्र अद्याप चालू आहे.) दुसरा संप्रेरकांचा, तो दवंडीसारखा. आपण भाकरी खाल्ली कीं रक्तांतील साखर चढते. पोटाच्या मागें असलेल्या स्वादुपिंडांतील विशिष्ट पेशींस तें कळतें, व त्या इन्शुलिन नांवाचा पदार्थ रक्तांत सोडतात. रक्ताबरोबर तो सर्व शरीरभर फिरतो. दवंडी साऱ्या गांवांत पिटली जाते, पण ज्याचें नांव पुकारलें तोच चावडीवर जातो. तसेंच येथें होतें. ज्या पेशींच्या अंगावर इन्शुलिनास नेमकी बसेल अशी प्रथिनाची खांचणी असते, त्याच पेशींस तो निरोप ऐकूं येतो. इन्शुलिन स्नायूच्या पेशीच्या आंत शिरून कांहीं करीत नाहीं. तें दारावरच त्या खांचणींत बसतें. त्यामुळें खांचणीचें आंतील टोंक हालतें, तें दुसऱ्या प्रथिनास जागें करतें, दुसरें तिसऱ्यास, आणि शेवटीं साखर आंत घेणारीं दारें पेशीच्या पृष्ठभागावर आणून बसविलीं जातात. साखर उतरली कीं स्वादुपिंडही हात आंवरतें. पाण्याच्या टाकींत तरंगणारा गोळा वर आला कीं नळ आपोआप बंद होतो, त्यांतलाच हा प्रकार. याच रीतीनें निरोगी माणसाच्या रक्तांतील उपाशीपोटीं साखर दर शंभर घनसेंटिमीटरांस ७० ते १०० मिलिग्रॅम यांच्या दरम्यान राहते.

दवंडी पिटणाराच नसला तर काय होतें, तें मधुमेही बालकांच्या बाबतींत पूर्वीं दिसे. खाल्लेलें अन्न रक्तांत साखर होऊन फिरे, आणि पेशी मात्र उपाशी. अशीं मुलें वाळत जाऊन थोड्याच काळांत दगावत. १९२१ सालीं कॅनडांत टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं कुत्र्याच्या स्वादुपिंडांतून तो निरोप्या वेगळा काढला, आणि जानेवारी १९२२ मध्यें चौदा वर्षांच्या एका मुलास तो प्रथम टोंचण्यांत आला. निरोप दाराशीं पोंचल्यावर आंत कोण नेतो, याचा शोध अमेरिकेंतील अर्ल सदरलँड यांनीं यकृताच्या पेशींवर ॲड्रिनॅलिनचे प्रयोग करून लावला, त्याबद्दल त्यांस १९७१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांतील मौज अशी कीं, बाहेर ॲड्रिनॅलिनचा एक कण आला तर आंत दुय्यम निरोप्यांची झुंबड उडते, व प्रत्येक टप्प्यावर संख्या वाढत जाऊन शेवटीं साखरेचे असंख्य कण मोकळे होतात. साप पाहून तुम्ही एका उडींत कुंपणापलीकडे जातां, तें याच हिशेबानें.

आतां "वाढा" हा निरोप मिळाल्यावर पेशी काय करते तें पाहूं. ती दुप्पट होऊन दुभंगते. आमच्या प्रयोगशाळेंत वरच्या वर्गांतील मुलें दरवर्षीं कांद्याच्या मुळांवर हें पाहतात. कांदा पाण्याच्या पेल्यावर ठेवून मुळें फुटूं द्यावयाचीं. सकाळच्या वेळीं त्यांचीं टोंकें कापून आम्लांत मऊ करावयाचीं, रंग चढवावयाचा, आणि कांचपट्टीवर ठेवून वरून अंगठ्यानें दाबावयाचें. (या दाबण्यांत दरवर्षीं चार-दोन कांचा फुटतात, पालकांनीं वर्षअखेरच्या बिलांत त्या पाहिल्या असतीलच.) जर्मनींतील वाल्टर फ्लेमिंग यांनीं सॅलॅमँडर नामक प्राण्याच्या पेशींस असेच रंग देऊन पेशीविभाजनाचें सविस्तर वर्णन १८८२ सालीं प्रसिद्ध केलें. एरवीं पेशीच्या केंद्रकांत गुंतवळासारखें जें दिसतें, तें विभाजनाच्या वेळीं आंखडून जाड दोऱ्यांसारखें होतें. हींच गुणसूत्रें. कांद्यांत तीं १६ असतात, मनुष्यांत ४६. जुन्या इंग्रजी पुस्तकांत मनुष्याचीं ४८ गुणसूत्रें छापलेलीं आढळतील, व आजोबांनीं तसें पाठ केलेलें असल्यास त्यांचा दोष नाहीं. १९५६ पावेतों सर्वांचीच ती समजूत होती. त्या सालीं त्यो व लेव्हान या दोघांनीं स्वीडनमधून ४६ ही गणती प्रसिद्ध केली.

या गुणसूत्रांत आपल्या सर्व गुणांची पोथी लिहिलेली असते. एका पेशींतील ही पोथी उलगडली तर तिची लांबी सुमारें दोन मीटर, म्हणजे साडेचार हात भरेल. अक्षरें सुमारें सहाशें कोटि. पेशी दुभंगण्यापूर्वीं या पोथीची संपूर्ण नक्कल व्हावी लागते. प्रयोगशाळेंत वाढविलेल्या मानवी पेशीस त्यास सुमारें आठ तास लागतात. मग मूळ व नक्कल या जोड्या पेशीच्या मध्यभागीं एका रेषेंत येऊन उभ्या राहतात, दोन्ही टोंकांकडून आलेले बारीक तंतु त्यांस धरतात, आणि एकाच क्षणीं जोड्या सुटून निम्मा भाग इकडे व निम्मा तिकडे ओढला जातो. सूक्ष्मदर्शकांत हें दृश्य प्रथम पाहणारा मुलगा बहुधा कांहीं बोलत नाहीं.

या सर्व कामावर देखरेख कोणाची? हें कोडें तीन शास्त्रज्ञांनीं तीन अगदीं क्षुद्र प्राण्या-वनस्पतींवर प्रयोग करून सोडविलें, आणि २००१ सालचें नोबेल पारितोषिक तिघांस मिळून देण्यांत आलें. लेलँड हार्टवेल यांनीं पाव फुगविण्याचें किण्व घेतलें. पॉल नर्स यांनीं पूर्व आफ्रिकेंतील बिअरमध्यें सांपडलेलें दुसरें किण्व घेतलें. एडिंबरो येथें काम करीत असतां त्यांस अशा कांहीं पेशी आढळल्या कीं, ज्या पुऱ्या वाढण्याआधींच घाईनें दुभंगत व म्हणून खुज्या राहत. ज्या जनुकाच्या दोषानें हें घडे त्याचा माग काढीत ते विभाजनाच्या मुख्य कळीपर्यंत पोंचले. टिम हंट यांस १९८२ सालीं समुद्रांतील साळूसारख्या कांटेरी प्राण्याच्या अंड्यांत एक प्रथिन असें दिसलें कीं, तें हळूहळू सांचत जाई व प्रत्येक विभाजनाच्या वेळीं एकाएकीं नाहींसें होई. पुन्हा सांचे, पुन्हा नाहींसें होई. जणुं पेशींतील घटिकापात्रच! भरलें कीं बुडालें, आणि घटका झाली. नर्स यांची कळ व हंट यांचें घटिकापात्र हीं एकत्र आल्यावरच पेशी विभाजनास प्रवृत्त होते, असें पुढें सिद्ध झालें.

आम्हांस सर्वांत चकित करणारा प्रयोग १९८७ सालचा आहे. नर्स व त्यांच्या सहकारी मेलनी ली यांनीं ज्या किण्वाची ती कळ निकामी झाली होती त्यांत मनुष्याचीं जनुकें सोडलीं. त्यांतील एका जनुकानें किण्वाची कळ पूर्ववत् चालविली, व तें सुखानें दुभंगूं लागलें. मनुष्य व किण्व यांचे मार्ग एकमेकांपासून सुटल्यास शंभर कोटींहून अधिक वर्षें लोटलीं. तरी दोघांच्या घरची किल्ली एकमेकांच्या कुलुपास लागते.

हार्टवेल यांनीं दाखविलेली गोष्ट आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची आहे. पेशी एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर आंधळेपणानें जात नाहीं. वाटेंत चौक्या आहेत. पोथीची नक्कल पुरी झाली काय? तींत कोठें फाटलें-तुटलें काय? सर्व जोड्यांस दोन्हीकडून तंतु लागले काय? एकही जोडी मोकळी असेल तर सारें काम थांबतें. सगळे उतारू चढेपर्यंत गार्ड हिरवें निशाण दाखवीत नाहीं, त्यासारखेंच हें आहे. १९७९ सालीं सांपडलेलें 'पी-त्रेपन्न' नांवाचें एक प्रथिन या चौक्यांवरील मुख्य पहारेकरी होय. पोथी थोडी फाटली असेल तर तो पेशीस थांबवून दुरुस्तीस वेळ देतो. दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर पेशीस मरण्याची आज्ञा देतो, आणि पेशी ती पाळते. ती फुटून घाण करीत नाहीं. आंखडते, स्वतःचे लहान लहान गट्ठे बांधते, व शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. १९७२ सालीं या मरणास ग्रीक भाषेंतून पानगळीच्या अर्थाचें नांव देण्यांत आलें. पानगळ वाईट नव्हे. आईच्या पोटांत असतांना आपला पंजा प्रथम वल्ह्यासारखा असतो. बोटांमधील पेशी अशा गळून पडतात म्हणूनच आपणांस लेखणी धरतां येते. हत्तीच्या पेशींत या पहारेकऱ्याच्या जनुकाच्या सुमारें वीस प्रति आढळतात. मनुष्यास आईकडून एक व बापाकडून एक एवढ्याच. एवढ्या प्रचंड देहांत कर्करोग क्वचित् कां होतो, याचें निदान एक कारण यांत असावें असें शास्त्रज्ञ मानतात.

यांशिवाय आणखी एक साधा लगाम आहे. कांचेच्या बशींत निरोगी पेशी वाढविल्या तर त्या बशीचा तळ भरेपर्यंत वाढतात; चहूंकडून शेजारणींचा स्पर्श झाला कीं थांबतात. एकीवर एक चढत नाहींत. गुडघ्यावरील कातडी मध्यें येऊन मिळाल्यावर थांबली, त्यास हा स्पर्शाचा लगाम, व बिंबाणूंचा निरोप थंडावणें, हीं दोन्हीं कारणें आहेत.

आतां मागच्या बाकावरील प्रश्न. रोग येतो कोठून?

सहाशें कोटि अक्षरांची नक्कल करितांना पेशी अतिशय काळजी घेते, चूक झाली तर बहुधा खोडून दुरुस्तही करते. तरी एखाद-दुसरी राहून जाते. तंबाखूंतील द्रव्यें, कडक उन्हांतील अदृश्य किरण, क्ष-किरणांचा अतिरेक यांनीं आणखी अक्षरें बिघडतात. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. परंतु एखादी चूक नेमकी दारावरील खांचणीच्या जनुकांत पडली, तर निरोप आलेला नसतांही "आला, आला" असें पेशी समजूं लागते. दुसरी पहारेकऱ्याच्या जनुकांत पडली तर चौकी उजाड होते. मनुष्याच्या कर्करोगांपैकीं जवळजवळ निम्म्यांत पी-त्रेपन्न बिघडलेला आढळतो. अशा कित्येक चुका एकाच पेशींत व तिच्या वंशांत वर्षानुवर्षें सांचत गेल्या म्हणजे ती पेशी थांबण्याचें विसरते. शेजारणींचा स्पर्श तिला कळत नाहीं. तिच्या मुली, नाती, पणत्या सर्व तशाच. कर्करोग तो हाच. तो बाहेरून आलेला शत्रु नव्हे. आपलीच एक पेशी होय, जिला "पुरे" हा निरोप ऐकूं येईनासा झाला.

म्हणूनच तो डब्यांतून, पाण्यांतून, श्वासांतून किंवा स्पर्शांतून दुसऱ्यास लागत नाहीं. दुसऱ्याच्या पेशी आपल्या शरीरांत शिरल्याच, तरी आपल्या पांढऱ्या पेशी त्यांस परकी म्हणून ओळखतात व नष्ट करितात. सत्यास धरून दोन गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया बेटावर 'डेव्हिल' नांवाचा एक प्राणी आहे. त्याच्या तोंडावरील कर्करोग एकमेकांस चावल्यानें खरोखरच पसरतो, व १९९६ पासून त्यानें त्या जातीचा मोठा संहार केला आहे. मनुष्याची गोष्ट तशी नाहीं. दुसरें, यकृताचा व गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग यांस कांहीं विषाणु कारण होतात. ते विषाणु पसरतात, रोग नव्हे, आणि त्यांपैकीं मुख्य विषाणूंवर लसी आहेत. मुलींच्या पालकांनीं डॉक्टरांकडे त्याविषयीं विचारपूस अवश्य करावी.

तर मग केंस कां गेले? याचें उत्तर आमच्या शाळेच्या फाटकापाशींच आहे. तेथें जी सदाफुली बारमाही फुलते, ती मूळची मादागास्कर बेटांतील. तिच्या पानांचा काढा मधुमेहावर गुणकारी आहे अशी कित्येक देशांत समजूत होती. १९५० नंतरच्या दशकांत कॅनडांतील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर यांनीं ती समजूत पारखून पाहिली. साखरेवर फारसा परिणाम दिसला नाहीं. पण प्रयोगांतील प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी एकदम कमी झालेल्या दिसल्या. त्यांनीं हा माग सोडला नाहीं, आणि त्यांतून व्हिन्ब्लास्टिन हें औषध निघालें; त्याचेंच भावंड व्हिन्क्रिस्टिन हें लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही दिलें जातें. गुणसूत्रांच्या जोड्यांस ओढणारे ते तंतु हीं औषधें तयारच होऊं देत नाहींत. चौकीवर पेशी अडकते, निशाण मिळत नाहीं, आणि शेवटीं ती मरते. (घरीं सदाफुलीचीं पानें चावून पाहण्याचा उद्योग कोणीं करूं नये, तें विष आहे.) कर्करोगावरील इतरही पुष्कळ औषधें निरनिराळ्या मार्गांनीं विभाजनावरच घाव घालतात. त्यांस दुष्ट पेशी कोणती व सुष्ट कोणती हें ओळखतां येत नाहीं. जी भराभर दुभंगते तिच्यावर तीं धांवून जातात. केंसांच्या मुळांतील पेशी शरीरांतील सर्वांत चपळ पेशींपैकीं आहेत. त्या बिचाऱ्या या लढाईंत सांपडतात. म्हणजे गेलेले केंस हें रोगाचें चिन्ह नसून औषध काम करीत असल्याचें चिन्ह होतें. मुळाशीं राखीव पेशी शिल्लक असतात. उपचार संपल्यावर कांहीं महिन्यांत केंस बहुधा पुन्हा येतात.

पालकांसाठीं थोडें अधिक. तोंडाचें अस्तर सतत नवें होत असतें, म्हणजे तेथें पोथीच्या नकला रोज निघत असतात. त्याच जागीं तंबाखूची चिमूट दाबून ठेवणें म्हणजे लेखनिकाच्या दौतींत रोज माती टाकणें होय. आपल्याकडे पुष्कळ घरांतून स्त्रिया मशेरी लावतात व तिला दंतमंजन समजतात. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे, आणि घरांतील लहान मुली ती पाहून शिकतात. सुपारीही निर्दोष नाहीं. तोंडांतील चट्टा किंवा व्रण दोन-तीन आठवड्यांत बरा न झाला, तोंड पूर्वींइतकें उघडेनासें झालें, तर दुखत नाहीं म्हणून स्वस्थ बसूं नये. आरंभीं हा रोग दुखत नाहीं, हेंच त्याचें कपट आहे.

डिसेंबरांत आम्हीं वर्षाची प्रथा मोडून आठवीच्या मुलांसही कांद्याच्या मुळांचा प्रयोग दाखविला. ज्याच्या मातोश्री आजारी होत्या तो मुलगा व मागच्या बाकावरील तो प्रश्न विचारणारा, दोघांस एकच सूक्ष्मदर्शक वांटून आला. चांगली कांचपट्टी त्यांचीच साधली. दुभंगण्याच्या ऐन क्षणीं थबकलेली एक पेशी तींत स्वच्छ दिसत होती. एका बाजूचीं गुणसूत्रें एकानें मोजलीं तीं पंधरा भरलीं, दुसऱ्यानें मोजलीं तीं सोळा. घंटा होईपर्यंत दोघांचा वाद चालू होता, आणि मधल्या सुटींत तो डब्यावरही चालला असें ऐकतों.